मागून गाडी येणार नाही अशी कच्ची वाट हवी आहे: टस्कनी, इस्त्रिया की कॅटलोनिया?

दोनचाकी

गेल्या सप्टेंबरात डांबरी रस्त्यावर एक व्हॅन माझ्या बायकोच्या इतक्या जवळून गेली की आरसा तिच्या कोपराला घासला. ती पडली नाही, लागलंही नाही. पण तेव्हापासून रस्त्यावर सायकल काढायची म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. जंगलातल्या कच्च्या वाटेवर मात्र ती खुशाल चालवते, दिवसाला 30-35 किलोमीटर सहज.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्हाला पाच दिवस मोकळे आहेत. तीन ठिकाणं मनात आहेत: इटलीत टस्कनीतले पांढऱ्या खडीचे रस्ते, मुख्यतः क्रोएशियात असलेल्या इस्त्रियातली पारेन्झाना ही जुनी रेल्वेवाट आणि स्पेनमध्ये कॅटलोनियातली ओलोत ते जिरोना ही जुन्या रेल्वेची वाट. फोटोंत तिन्हीकडे चिटपाखरू दिसत नाही, पण फोटोवरून काय कळणार? प्रत्यक्ष चालवलेल्यांनी सांगावं. सायकली तिथेच भाड्याने घेऊ.

सकाळची_फेरी

टस्कनी! गायोले गावाहून निघणारा, ‘एरोइका’ या जुन्या सायकलींच्या फेरीचा, पाट्या लावलेला 209 किलोमीटरचा मार्ग मी सहा दिवसांत रमतगमत केला. द्राक्षमळे, सायप्रसच्या रांगा आणि टायरखाली कुरकुरणारी पांढरी खडी. यापेक्षा सुंदर सायकलिंग मी केलेलं नाही. गाड्या असतात, पण तुरळक.

जुनेरूळ

टस्कनी मलाही प्रिय आहे, पण या प्रश्नाचं उत्तर टस्कनी नाही. ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे ते पांढरे रस्ते, खडीचे असले तरी रस्तेच आहेत. शेतावर, वाइनरीत, पाहुणघरात जाणाऱ्या गाड्या त्यांवरूनच जातात. कोरड्या दिवसांत गाडी गेली की धुळीच्या लोटात पुढचं काही क्षण दिसत नाही. शिवाय चढ. सिएनाजवळचा ले तोल्फेचा चढ 18 टक्क्यांपर्यंत जातो. दम लागलेला, सायकल डगमगतेय आणि मागे इंजिन, ही वेळ तुमच्या बायकोवर येऊ देऊ नका.

हे मी अनुभवाने सांगते आहे. मला सहा वर्षांपूर्वी मागून धडक बसली होती. मनगटाचं हाड जुळून आलं, पण पुढे दोन वर्षं मी दर मिनिटाला मागे वळून बघत सायकल चालवली. सायकलवर भीती कानातून येते. तेव्हा वाट किती देखणी आहे यापेक्षा दिवसभरात किती वेळा पाठीमागे इंजिन ऐकू येतं, हे आधी विचारायला हवं. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला जुन्या रेल्वेवाटांवर मिळालं. तुमच्या तीन नावांपैकी ओलोत–जिरोना घ्या.

ही नॅरोगेज गाडी होती, दोन रुळांत अवघं 75 सेंटिमीटर अंतर. 1969 साली ती बंद झाली. स्पेनमध्ये 1993 पासून अशा बंद पडलेल्या मार्गांच्या ‘व्हिया व्हेर्दे’, म्हणजे हिरव्या वाटा, करायला सुरुवात झाली आणि ही त्यांतलीच. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाहीत, म्हणून डोंगर असला तरी वाट त्याला वळसे घालत हळूहळू चढते आणि तशीच उतरते. दाबून बसवलेला बारीक मुरूम आहे. 35-40 मिलिमीटरचे टायर पुरेत, हवा थोडी कमी ठेवा.

आता ज्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत त्या. याच दरीतून सी-63 हा मोठा रस्ता जातो. काही टप्प्यांत तो ऐकू येतो, पण बाजूला असतो, पाठीवर नाही. वाट रस्ते ओलांडते, तिथे उतरून दोन्हीकडे बघून जावं लागतं. काही ठिकाणी वाट आणि शेतरस्ता एकच होतो. मला दोन दिवसांत एक ट्रॅक्टर आणि एक भाजीवाल्याची छोटी गाडी भेटली, दोन्ही पायी चालल्याच्या वेगाने. आणि रविवारी सकाळी अख्खी गावं वाटेवर फिरायला येतात, मुलं आणि कुत्री घेऊन. त्या दिवशी घाई करू नका.

दिशा महत्त्वाची. ओलोतहून जिरोनाकडे या, उलट नको. ओलोत साधारण 440 मीटरवर, तिथून कोल देन बास या खिंडीपर्यंत, म्हणजे 620 मीटरच्या आसपास, चढायचं. मग जिरोना येईपर्यंत उतारच. चढ सुरुवातीलाच संपतो, पाय ताजे असतात तेव्हा. एकूण 54 किलोमीटर. तुम्ही ते दोन दिवसांत करा आणि मधला मुक्काम अमेरला. तिथल्या चौकाला कमानींचे ओटे आहेत, पाऊस आला तरी बाहेर बसून जेवता येतं. पाऊस येणार असं धरूनच चाला: ‘ओलोतला पाऊस नसेल तर कुठेच नसेल’ अशी तिथली म्हणच आहे.

संत फेलिउ दे पाल्येरोल्सपासून अमेरपर्यंत वाट ब्रुजेंत नदीच्या सोबतीने उतरते. दाट सावली, एका बाजूला खाली पाणी, मधूनच एखादं जुनं स्टेशन. याच टप्प्यात मी पाणी प्यायला थांबले आणि लक्षात आलं की गेल्या तासाभरात मी एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही. तिथेच कठड्याला सायकल टेकवून मी बराच वेळ बसून राहिले. नवऱ्याला वाटलं पंक्चर झालं.

तिसरा दिवस जिरोनात घालवा. चौथ्या-पाचव्या दिवशी पुढची वाट: जिरोना ते संत फेलिउ दे गिशोल्स, आणखी 40 किलोमीटर, शेवट थेट समुद्रावर. ही दुसरी रेल्वे, 1892 साली सुरू झालेली. या भागातला मोठा धंदा बुचाचा. कासा दे ला सेल्वासारख्या गावांतलं बूच बंदरावर न्यायला गाडी हवी होती. बुचाचे ओक आसपासच्या टेकड्यांवर आजही आहेत. साल काढलेलं खोड खालून तांबडं आणि वर करडं दिसतं, पायमोजा उतरवल्यासारखं. समुद्राजवळच्या शेवटच्या काही किलोमीटरांत वस्ती वाढते आणि गाड्याही दिसू लागतात. ते बायकोला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

मोतोवुनची_पायरी

जुनेरूळ यांच्याशी सहमत आहे, पण पारेन्झानाबद्दलही कुणीतरी बोलायला हवं. त्रिएस्तेहून पोरेचपर्यंतची 123 किलोमीटरची ही रेल्वे 1902 ते 1935 एवढीच चालली. इटलीत 13, स्लोव्हेनियात 32 आणि क्रोएशियात 78 किलोमीटर. स्लोव्हेनियातला भाग बराचसा डांबरी आहे, खरी खडीची वाट क्रोएशियात. ग्रोझ्न्यानहून लिवादेकडे उतरताना दगडी पूल आणि बोगदे एकामागून एक येतात आणि समोरच्या टेकडीवर मोतोवुन हे जुनं गाव दिसत राहतं. तिथे आम्हाला अर्ध्या दिवसात फक्त दोन जर्मन आजोबा भेटले.

पण खडी सुटी आहे, काही ठिकाणी मुठीएवढे दगड. माझी बहीण उताराला घाबरून दोनदा उतरून चालली. आत्मविश्वास परत मिळवण्यासाठी ही वाट पहिली नको, दुसरी हवी. युरो आणि शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) दोन्ही 2023 पासून क्रोएशियात लागू आहेत, त्यामुळे तिन्ही देशांत वेगळ्या व्हिसाची किंवा पैसे बदलायची भानगड नाही.

दोनचाकी

सगळ्यांचे आभार. बायकोला जुनेरूळ यांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. ‘कानातून येते’ ऐकल्यावर तिने मोबाइल हातातून घेतला आणि पुन्हा स्वतः वाचलं. ओलोत नक्की. तिचे दोन प्रश्न: काळोखे बोगदे आहेत का? आणि बार्सिलोनाहून सायकलीशिवाय ओलोतला पोचायचं, तर सायकली कुठे घ्यायच्या?

जुनेरूळ

लांब काळोखे बोगदे या वाटेवर नाहीत. ते कॅटलोनियाच्या दक्षिणेला, वाल दे साफान या दुसऱ्या रेल्वेवाटेवर आहेत. तिथे रेल्वे बंद झाली तीच 1973 साली बोगदा कोसळल्यावर. ती वाटही अप्रतिम आहे, पण चांगला दिवा घेऊन आणि मन तयार झाल्यावर.

सायकली जिरोनात घ्या. तिथे सायकलवाल्यांचीच वस्ती आहे, खडीच्या वाटेसाठीची चांगली (ग्रॅव्हल) सायकल मिळते आणि अनेक दुकानं सायकलींसकट तुम्हाला व्हॅनने ओलोतला सोडतात. आधी ईमेल करा, पत्नीची उंची कळवा आणि सायकल मिळाल्यावर ब्रेक तिच्याच हाताने तपासून घ्यायला सांगा. उतार लांब आहे, लिव्हरपर्यंत बोटं आरामात पोचायला हवीत. बार्सिलोना–जिरोना वेगवान गाडी 40 मिनिटांत पोचवते. उद्या स्वतःच्या सायकली घेऊन गेलात तर साधी प्रादेशिक गाडी धरा, वेगवान गाडीत सुटी न केलेली सायकल घेत नाहीत. स्पेनमध्ये गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे, ते तुम्ही घालालच.

आणखी एक, खास तुमच्यासाठी. तिला पुढे जाऊ द्या आणि तुम्ही मागे राहा, फार जवळ नको. मागून दुसरी सायकल येत असेल तर तिला घंटी ऐकू येण्याआधी तुम्ही सांगा, ‘डावीकडून एक सायकल जातेय’. माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी हे न सांगता केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आंग्लेसच्या पुढे मीच त्याला म्हटलं, आता शेजारी ये.