मदत हवी आहे: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, पानांवरचे रोग की मोटरचं बेअरिंग?

नमस्कार. मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा ग्रुप आहे, दहा दिवसांत सिनॉप्सिस द्यायचाय आणि विषयावर एकमत होत नाहीये.

दोघांना पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं मॉडेल करायचंय. फोटो तयार मिळतात, कोडही बराचसा मिळतो, आणि अचूकता ९९ टक्क्यांच्या घरात दिसते. तिसऱ्याचं म्हणणं, मुलाखतींची तयारी महत्त्वाची, प्रोजेक्ट तयार विकत घेऊ. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलंय. चार वर्षं शिकून एक तरी गोष्ट आपल्या हाताने उभी राहावी असं मला मनापासून वाटतं.

माझ्या डोक्यात बेअरिंग आहे, म्हणजे मोटरचा शाफ्ट ज्यावर फिरतो त्या दोन रिंगा आणि मधल्या गोळ्या. सुट्टीत एका कारखान्यात ट्रेनिंगला होते. तिथले एक वयस्क फिटर काका मोटरला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचे, मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. एका पंपाच्या मोटरबद्दल म्हणाले, "हिचं बेअरिंग चाललंय." बदलायला कुणाला सवड झाली नाही. आठवड्याभरात मोटर जाम झाली, वाइंडिंगही जळलं. काकांना जे ऐकू आलं ते सेन्सरला ऐकू येईल का, हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही.

लॅबमध्ये २ अश्वशक्तीची थ्री-फेज इंडक्शन मोटर, टॅकोमीटर आणि ऑसिलोस्कोप आहे. कंपनं मोजायचा सेन्सर नाही. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये आम्ही एफएफटीच्या (सिग्नलमध्ये कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणारं गणित) पुढे गेलेलो नाही. गाइड सर म्हणतात, "जे पूर्ण होईल ते घ्या." मला भीती तीच आहे, माझ्या हट्टापायी चौघांचं वर्ष अडकायला नको. दोन सेमिस्टरमध्ये हे होईल का? सेन्सर कुठला घ्यावा? की पानांचंच बरं?

प्रतिसाद १

पानांबद्दल सांगतो, मी इमेज प्रोसेसिंगमध्ये काम करतो. तुमचे मित्र बहुतेक प्लांटव्हिलेज या पानांच्या फोटोंच्या खुल्या संचाबद्दल बोलत असतील. त्यात ५४,३०६ फोटो आणि ३८ वर्ग (पीक आणि त्याचा रोग किंवा निरोगी पान) आहेत. २०१६ च्या मूळ शोधनिबंधात त्याच संचातल्या राखून ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूकता मिळाली होती. पण बाहेरून गोळा केलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि हे त्यांनी त्याच निबंधात प्रामाणिकपणे लिहिलंय. कारण सरळ आहे. पानं तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेले आहेत. पुढे एका अभ्यासात तर पान बाजूला ठेवून पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल मॉडेलला दिले, तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. अंदाजपंचे उत्तर दिलं तर ३ टक्केही येत नाहीत! म्हणजे मॉडेल बऱ्याच अंशी पानाऐवजी टेबल ओळखत होतं.

म्हणून विषय वाईट असं मी म्हणणार नाही. पण घ्यायचाच असेल तर प्रश्न बदला. शेतात उभ्या झाडावरच्या पानांचे स्वतः काढलेले दोनेकशे फोटो आणा, अचूकता किती घसरते ते मोजा, का घसरते ते शोधा. मात्र त्या फोटोतला रोग नक्की कुठला, हे सांगणारा शेतीतला जाणकार लागेल. तो नसेल तर तुमचं उत्तर चूक की बरोबर हे तुम्हालाच कळणार नाही. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

प्रतिसाद २

बेअरिंगचं होईल. मी मेंटेनन्समध्ये आहे, कंपनं मोजणं हे रोजचं काम. तुझ्या विषयाची मोठी जमेची बाजू अशी की उत्तर आधी कागदावर काढता येतं.

आधी मोटरमध्ये कुठलं बेअरिंग आहे ते बघ. या आकारात बऱ्याचदा ६२०५ नंबरचं असतं, तेच धरून हिशोब दाखवतो. ९ गोळ्यांच्या ६२०५ मध्ये बाहेरच्या रिंगवर खाच असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात सुमारे ३.५८५ ठोके पडतात, आतल्या रिंगवर असेल तर ५.४१५. मिनिटाला १४४० फेरे म्हणजे सेकंदाला २४. बाहेरची खाच ८६ हर्ट्झला दिसेल, आतली १३० ला. दोन्हींची बेरीज २१६, म्हणजे बरोबर ९ गुणिले २४. बेरीज जुळली नाही तर हिशोब चुकला समज.

सेन्सर: एमपीयू ६०५० सगळे घेतात. त्याचा अॅक्सेलरोमीटर (कंपनं मोजणारा भाग) सेकंदाला १००० नमुने देतो, म्हणजे ५०० हर्ट्झच्या वरचं काही दिसणार नाही. मोठी खाच त्यात दिसू शकते. पण सुरुवातीचा बारीक दोष काही किलोहर्ट्झला घणघणतो, तिथून एन्व्हलप (त्या घणघणाटाच्या चढ-उताराची बाह्यरेषा) काढावा लागतो. त्यासाठी एडीएक्सएल १००२ सारखा ११ किलोहर्ट्झपर्यंतचा अॅनालॉग सेन्सर हवा, आणि तो मोटरच्या बॉडीला घट्ट स्क्रूने बसवायचा. दुहेरी टेपवर चिकटवलास तर वरच्या फ्रिक्वेन्सी टेपच गिळून टाकते.

बेअरिंगवर मुद्दाम खाच पाडून तपासायच्या आधी एक सोपी परीक्षा घे. पुलीवर एका बाजूला छोटं वजन बसव (वरून जाळीचं कव्हर हवंच, वजन सुटलं तर गोळीसारखं येतं). एफएफटीच्या आलेखात २४ हर्ट्झचं शिखर वाढलं पाहिजे. ते वाढलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ, आधी सेन्सर नीट बसव. आणखी एक: ५० हर्ट्झच्या सप्लायवर १०० हर्ट्झला एक शिखर कायम दिसेल. ते चुंबकीय असतं. स्विच बंद केला की तत्क्षणी गायब होतं, बेअरिंगचं मात्र फेरे कमी होतील तसं सरकत जातं. व्हायवाला हे एवढं जरी स्वतः दाखवलंत तरी काम कुणाचं हे वेगळं सांगावं लागणार नाही.

सेन्सर येईपर्यंत हात रिकामे ठेवू नका. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंग डेटा खुला आहे. तीही २ अश्वशक्तीची मोटर, त्यात ०.००७ इंचापासूनचे मुद्दाम पाडलेले दोष आहेत. कोड लिहिणाऱ्या दोघांना तो द्या.

प्रतिसाद १ (पुन्हा)

त्या डेटावर एक धोका आहे. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे करून काही शिकवायला आणि काही तपासायला घेतले की १०० टक्क्यांच्या जवळ अचूकता येते, आणि ती फसवी असते. एका लोडवर शिकवा, दुसऱ्या लोडवर तपासा. आकडा खाली येईल, पण तो तुमचा खरा आकडा असेल.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे खूप आभार. काल रात्री चौघांनी बसून हे सगळं मोठ्याने वाचलं. पानांवाले दोघे ८ पिक्सेलपाशीच थांबले आणि म्हणाले, बेअरिंगचा कोड आम्ही घेतो. विकत घेऊ म्हणणारा अजून गप्प आहे. सेन्सर बसवायचं आणि वजनाच्या परीक्षेचं काम त्याच्याकडे दिलंय, हातकामात तो आमच्यात सगळ्यांत चांगला आहे.

आज लॅब असिस्टंट दादांनी मोटरचं मागचं झाकण उघडून दिलं. ६२०५ च आहे, गोळ्याही ९. रिकाम्या मोटरवर टॅकोमीटर १४९२ दाखवतो, म्हणजे सेकंदाला २४.८७ फेरे. बाहेरच्या रिंगचे ८९.१ हर्ट्झ, आतल्याचे १३४.७. बेरीज २२३.८, जुळली. हे तीन आकडे सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर टाकतेय. खाच पाडून झाली की शिखर कुठे आलं ते इथेच लिहीन, नाही आलं तरी लिहीन.