सातच माणसं असली तरी

"गाळ्यात सातच माणसं, फॅक्टरी कायदा लागत नाही, मग जबाबदारी कसली?" असं विचारलंत. अहो, कामावर इजा झाली तर भरपाई मालकानेच द्यायची, हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय. तिथे डोकी मोजत नाहीत. 'मशीनचा गार्ड (हात आत जाऊ न देणारं कवच) कामगारानेच काढला' ही पळवाटही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं की बंद. ठाण्याच्या वागळे इस्टेटला एका पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं मशीन) दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दिलेल्या दोन बटणांपैकी एक, काडी खुपसून कायमचं दाबून ठेवलेलं पाहिलंय. नगावर मजुरी म्हटल्यावर माणूस घाई करणार, दुसरं काय होणार! आधी ती मजुरीची पद्धत बदला. ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, दहा माणसांपासून. त्याखाली असाल तर कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्याच.