पाच लाखांची सिस्टिम आणि दहा बाय बाराचा हॉल

पूर्वभागकर

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरात मेहुण्यांकडे त्यांची नवी सिस्टिम ऐकायला गेलो होतो. स्पीकरची जोडी, अ‍ॅम्प्लिफायर, डॅक (डिजिटल फाइलीचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र), स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र) मिळून पाच लाखांच्या वर गेलेत. त्यात ३८ हजारांची नुसती स्पीकरची वायर. हॉल दहा बाय बारा, उंचीही दहा फूट. खाली गुळगुळीत टाइल्स, एका भिंतीला काचेची शोकेस, खिडक्यांना पडदे नाहीत.

मल्लिकार्जुन मन्सूर लावले. डग्ग्याची थाप पडली की पुढची पडेपर्यंत पहिलीच घुमत राहायची. कोपऱ्यात उभा राहिलो तर घुमारा अंगावर यायचा, हॉलच्या मधोमध खुर्ची टाकली तर डग्गा जवळजवळ गायब. गळ्याभोवती टाइल्सची एक झणझण सतत. मेहुणे म्हणाले, "डीलर म्हणतो पॉवर केबल बदलली की आवाज मोकळा होईल." ती २६ हजारांची!

मला याचा मनापासून राग आला, म्हणून लिहितोय. जे होत होतं ते साध्या गणिताचं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्या दोन भिंतींत अडकून उभा राहतो. भिंतीपाशी फुगतो, मध्यावर मरतो. इथे छतही दहा फुटांवर, म्हणजे तोच आवाज दोन दिशांनी फुगणार. त्याची दुप्पट ११२. डग्गा याच मुलखात वाजतो. हे वायर बदलून जाणार आहे का? डीलरला हे माहीत नसेल तर त्याने हा धंदा करू नये. माहीत असून सांगत नसेल तर ती फसवणूक आहे.

आणखी एक. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३ च्या पुढे जातो. पंखा बंद करून गाणं ऐकणारा माणूस मला दाखवा. माझ्या खोलीत मोबाइलच्या अ‍ॅपवर पंखा बंद असताना ३४ डेसिबल येतात, पाचवर ठेवला की ५१. सीडीतच सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलचा आवाका आहे. तो पंख्याखाली निम्मासुद्धा वापरला जात नाही, आणि लोक 'हाय-रेझ', म्हणजे सीडीहूनही बारीक मुद्रणाच्या फाइलींसाठी पैसे मोजतात.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडच्या घरांत लाखाच्या वरची सिस्टिम म्हणजे पैशाची नासाडी. आधी खोली, मग स्पीकर. बाकीचं काहीही चालतं.

कानसेन

खोलीबद्दल शंभर टक्के बरोबर. पण एका वाईट मांडणीच्या हॉलवरून तुम्ही सगळ्याच चांगल्या यंत्रांना निकालात काढताय, हे पटलं नाही.

मी होटगी रोडला राहतो. १४ वर्षं पैसे साठवून सिस्टिम घेतली. त्याआधी एका नावाजलेल्या कंपनीचं होम थिएटर होतं. त्यावर किशोरीताईंचा आलाप लावला की तार सप्तकात आवाजाला धार यायची, दोन तासांनी डोकं जड व्हायचं. मला वाटायचं वय झालं. नव्या स्पीकरवर पहिल्याच रात्री लक्षात आलं की त्या षड्जावर ठरतात तेव्हा मागचा तानपुरा वेगळा, स्वतंत्र ऐकू येतो. त्याची जवारी उलगडताना कळते. मी तीन तास बसून राहिलो. हलक्या स्पीकरचं खोकं स्वतःच थरथरतं, क्रॉसओव्हरमध्ये (खर्ज आणि वरचे सूर स्पीकरमधल्या वेगवेगळ्या पडद्यांना वाटून देणारं सर्किट) काटकसर केलेली असते, आवाज वाढवला की विद्रूप होतो. हे मोजता येतं, कल्पना नाही.

पंख्याचा हिशेबही इतका सरळ नाही. पंख्याचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, एखादा स्वर त्याच्या खालच्या पातळीवर असला तरी कान तो वेचून काढतो. गर्दीत आपल्या पोराचा आवाज ओळखतोच की आपण.

आणि लग्नात एका संध्याकाळच्या मांडवाला, डीजेला लाखो रुपये जातात त्याला कोणी नासाडी म्हणत नाही. मी २० वर्षं रोज ऐकणार त्याला म्हणायची?

अडीच एमएम

मी वायरमन आहे, फक्त वायरचं बोलतो. अडीच एमएमची तांब्याची वायर, स्पीकर ५ मीटरवर, जाऊन-येऊन १० मीटर. रेझिस्टन्स ओहमच्या शंभराव्या भागात मोजायचा, साधारण ०.०७. समोर ८ ओहमचा स्पीकर. नुकसान शेकड्याला एकही नाही. चांगल्या कंपनीची वायर घ्या, टोकं नीट कसा, काम संपलं.

पॉवर केबलचं तर विचारूच नका. डीपीपासून तुमच्या बोर्डापर्यंत कुठे अ‍ॅल्युमिनियम आहे, कुठे २० वर्षांपूर्वीचा जोड आहे. शेवटच्या दीड मीटरला २६ हजार? त्यापेक्षा अर्थिंग तपासून घ्या. स्पीकरमधून येणारी निम्मी घरघर अर्थिंगची असते, हे मी रोज बघतो.

तबकडी

कानसेन, तुमच्या बाजूने आहे, पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी रेकॉर्ड जमवतो, घरात सहाशेच्या आसपास आहेत. आमच्यातले कित्येक जण छातीठोक सांगायचे की डिजिटल कुठेही शिवलेलं असलं तर आम्हाला लगेच कळतं. २०२२ मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी आपल्या महागड्या रेकॉर्डींसाठी मूळ टेपची डिजिटल प्रत वापरत होती, तीसुद्धा अनेक वर्षं. त्याच रेकॉर्डींना शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून डोक्यावर घेणारे जगभर होते. त्यांना ते कानाने पकडता आलं नाही.

त्या दिवसापासून मी 'मला कळतं' असं म्हणायचं सोडलं. रेकॉर्ड ऐकणं मात्र सोडलं नाही. पाकिटातून तबकडी काढणं, ब्रशने पुसणं, वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू बदलणं, यामुळे मी गाणं अर्धवट टाकत नाही. त्यासाठी चांगला टर्नटेबल लागतो आणि त्याला पैसे पडतात.

साउंडचेक

मी कार्यक्रमांना ध्वनिव्यवस्था करतो, हुतात्मा स्मृती मंदिरातही बऱ्याचदा असतो. तबकडींनी सांगितलं त्याचीच दुसरी बाजू.

१९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर एकदा डोळ्यांनी दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. स्पीकर दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या जोड्यांना गुण जास्त. पडदा लावला की क्रम बदलला. रोज हेच काम करणाऱ्यांचं हे, मग आपलं काय? २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझ आवाज एकदा सरळ आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

शोरूममध्ये सगळ्यात सोपी चलाखी म्हणजे महागडी जोडी केसभर मोठ्याने वाजवायची. आवाज किंचित मोठा असला की माणसाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी मीटरवर जुळवून घ्या आणि वायर कोणी बदलली हे तुम्हाला दिसू देऊ नका.

कानसेन

२००७ सांगितलंत तर २०१६ पण सांगा. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अशा १८ चाचण्या एकत्र करून १२ हजारांवर उत्तरं तपासली. बरोबर उत्तरं ५२ टक्क्यांच्या आसपास. फरक लहान, पण योगायोगाने येणारा नव्हे, आणि ज्यांना आधी ऐकायचं शिक्षण दिलं त्यांचे आकडे बरेच वर. म्हणजे कान तयार होतो. गुरूसमोर दहा वर्षं बसलेल्याला श्रुतीतला फरक कळतो, मला-तुम्हाला कळत नाही. म्हणून तो फरक नाहीच असं होत नाही.

वायरबद्दल मी भांडणार नाही. माझ्या घरी जाड वायर आहे, तीन हजारांची.

पूर्वभागकर

५२ टक्के हा आकडा माझ्या बाजूचा आहे, दादा. शंभरातले दोन, तेही शांत खोलीत, कान टवकारून. त्या दोनासाठी पाच लाख?

आणि आपण ऐकतो काय? जुन्या गवयांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या, मोनो. नंतरची आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं, तीही मोनो. त्या टेपमध्ये जे उतरलंच नाही ते कोणता डॅक काढून देणार?

यंत्रमाग

मी यंत्रावर बोलणार नाही, कानावर बोलतो.

आमचे वडील अशोक चौकाजवळच्या कारखान्यात ३१ वर्षं मागावर होते. कारखान्यांसाठी मर्यादा आहे, ८ तासांना ९० डेसिबल. शेडमध्ये चाळीस माग एकदम चालू असले की शेजारच्याशी बोलायला त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. कानात घालायला काही कोणी दिलं नाही. निवृत्त झाल्यावर तपासणी केली तर कागदावर रेघ ४००० हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात गेलेली. डॉक्टर म्हणाले, मागावरच्या लोकांचं असंच असतं. 'स', 'श', झांजा, तानपुऱ्याची वरची झळाळी, सगळं त्यांच्यासाठी संपलेलं.

त्यांना भजन फार प्रिय. मी चार हजारांचे जुने स्पीकर आणले, मोठ्या खोक्याचे. ते खुर्ची स्पीकरजवळ ओढून घेतात आणि तळहात खोक्याच्या बाजूला टेकवतात. पखवाज हाताने ऐकतात. सम आली की बोट उचलतात, एकदाही चुकत नाहीत.

यात्रेच्या, विसर्जनाच्या मिरवणुकांत डॉल्बीच्या भिंतीसमोर लहान पोरं उभी असतात. पाच लाखांच्या सिस्टिमवर भांडणाऱ्यांनी त्या पोरांच्या कानांवर दोन ओळी लिहा. एकदा गेलेला कान कोणत्याच दुकानात मिळत नाही.

कानसेन

यंत्रमाग, तुमचं दोनदा वाचलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा. आमच्या गल्लीच्या मंडळाच्या बैठकीत आवाजाचा विषय मीच काढतो.

साउंडचेक

मूळ तक्रारीचं औषध राहिलंच. हार्वर्डला १८९५ मध्ये वॉलेस सबाइन यांच्यावर एक बिघडलेलं व्याख्यानगृह दुरुस्त करायची वेळ आली. बोललेला शब्द विरायला पाच सेकंदांहून जास्त लागायचे. ते रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, मांडायचे आणि घड्याळ लावून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचे. आजचं खोल्या-सभागृहांचं ध्वनिशास्त्र त्या गाद्यांवर उभं आहे. सोलापूरकरांना गादी बाहेरून आणायचीही गरज नाही, चादरी आणि टेरी टॉवेल आपल्याकडेच विणतात.

पूर्वभागकर

तेच केलंय, सांगायचं राहिलं. वजनावर मिळणारे सेकंडचे (विणण्यात दोष राहिलेले) टॉवेल आणले, चार फूट बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटी सुताराकडून करून घेतल्या, आत टॉवेलांच्या घड्या, वरून सुती कापड. सहा चौकटी. सगळे मिळून साडेसात हजार. त्यातल्या दोन चौकटी मेहुण्यांच्या शोकेसवर टेकवून बघितल्या, झणझण तिथल्या तिथे गेली. त्यांनी पॉवर केबलची ऑर्डर थांबवलीय. डग्गा मात्र अजून घुमतोय.

साउंडचेक

घुमणारच. ५६ हर्ट्झची लांबी सहा मीटर, टॉवेलांच्या घड्यांना ती जुमानत नाही. सोफा मागच्या भिंतीपासून चारेक फूट पुढे घ्या, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. एक-एक वीत सरकवत डग्गा ऐका आणि सगळ्यात कमी घुमेल तिथे खडूने खूण करा. चौकटी किती खोल केल्यात?

पूर्वभागकर

सहा इंच. रविवारी खडू घेऊन जातो.

कानसेन

उरलेल्यांपैकी दोन चौकटी कोपऱ्यात लावणार असाल तर भिंतीला चिकटवू नका, तिरक्या ठेवा, मागे हवा राहू द्या. रविवारी जाणार असाल तर मीही येतो. पातळी मोजायचं मीटर माझ्याकडे आहे.