मदत हवी आहे: फोटोशॉपमध्ये काळे चौकोन येतायत आणि सगळं पिवळट दिसतंय, फाइल गेली की ग्राफिक कार्ड गेलं?

स्टुडिओवाला_बार्शी
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून एका दमात लिहितोय. लग्नाचा अल्बम चाललाय, १२ बाय ३६ इंचाच्या शीट, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे एकेक फाइल १०८०० बाय ३६०० पिक्सेलची आणि वर लेयरचा (एकावर एक थरांचा) ढीग. आत्तापर्यंत मशीन गुमान चालत होतं. आता झूम करून स्पेसबार दाबून शीट सरकवली की मधेच काळे चौकोन येतात, नाहीतर आधीच्या शीटचा तुकडा तिथंच चिकटून राहतो, काल तर नवरीच्या मेंदीवर बँडवाल्याचं डोकं आलं होतं. परत झूम केलं की जातं. ब्रश मारला तर लगेच दिसत नाही, दुसरीकडं क्लिक केलं की मग उमटतो.

आणि दुसरं म्हणजे सगळं पिवळट दिसतंय. हळदीच्या फोटोत कळलंच नाही, पण रिसेप्शनच्या शीटवर सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली तेव्हा ट्यूब पेटली. कोरी पांढरी फाइल उघडली तरी ती पांढरी दिसत नाही, आणि गंमत म्हणजे शेजारी ब्राउझरमध्ये पांढरं पान स्वच्छ पांढरं दिसतंय.

कॉम्प्युटरवाला म्हणतोय ग्राफिक कार्ड गेलं, नवीन घ्या. ऑपरेटर पोरगा म्हणतोय पीएसडी (फोटोशॉपच्या मूळ फाइली) करप्ट झाल्या. सॉफ्टवेअर काढून परत टाकून झालं, फरक शून्य. शीट लॅबला द्यायच्यात, पार्टी रोज फोन करतेय. नक्की काय समजायचं?

पिक्सेल_मामा
रॅम वाढवा.

निवांत
मामा, रॅम कमी असली तर मशीन रखडतं, बँडवाला मेंदीवर येत नाही 😄

दादा, कार्डाचे पैसे काढायच्या आधी एक करा. चौकोन दिसत असताना प्रिंट स्क्रीन मारा आणि तो फोटो मोबाइलवर पाठवून बघा. चौकोन स्क्रीनशॉटमध्ये आले तर मॉनिटर आणि केबल निर्दोष, गडबड चित्र तयार होतानाच आहे. नाही आले तर मॉनिटर किंवा केबलच्या मागे लागा. आणि एक शीट जेपीईजी करून तीही मोबाइलवर बघा, ती स्वच्छ असेल तर पीएसडीला काही झालेलं नाही.

स्टुडिओवाला_बार्शी
बघितलं. जेपीईजी मोबाइलवर एकदम चकाचक, चौकोनही नाहीत आणि चेहरेही बरोबर. हुश्श. पण स्क्रीनशॉटमध्ये चौकोनही आलेत आणि पिवळेपणाही आलाय.

निवांत
म्हणजे फाइल ठणठणीत, अल्बम वाचला. आता ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच वेळी आली म्हणून एक समजू नका.

चौकोनांचं आधी. फोटोशॉप शीट तुकड्यातुकड्यांनी ग्राफिक कार्डाकडून रंगवून घेतं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) गंडला की काही तुकडे रंगवायचे राहतात नाहीतर जुनेच राहतात. कंट्रोल के दाबा, परफॉर्मन्समध्ये जा, 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची टिक काढा, प्रोग्राम बंद करून परत चालू करा. चौकोन गेले तर कारण कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर, आणि बहुतेक वेळा ड्रायव्हरच. पण टिक काढून कायमचं काम करू नका, रोटेट व्ह्यू चालणार नाही आणि लिक्विफायसारखी जड कामं रडतखडत होतील.

अलीकडं काही अपडेट आपोआप पडलं होतं का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्सखाली कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, तिथं तारीख बघा. 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबता येत असेल तर दाबा. ते बटण मंद असेल तर कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून क्लीन इन्स्टॉल करा, जुन्यावर नुसता थापू नका.

एडिटिंगवाली_ताई
निवांत, बरोबर. लॅपटॉप असेल तर अजून एक बघा, त्यात बरेचदा दोन ग्राफिक असतात आणि फोटोशॉप कधी कधी बारक्यावर जाऊन बसतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथं फोटोशॉपला हाय परफॉर्मन्स लावा.

आता पिवळ्याचं. हा नाइट लाइट (विंडोजची रात्री स्क्रीन पिवळट करायची सोय) नाही, कारण नाइट लाइट सहसा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही आणि तो असता तर ब्राउझरही पिवळा दिसला असता. फक्त फोटोशॉपमध्ये पांढरं बिघडतंय म्हणजे माझा संशय मॉनिटरच्या कलर प्रोफाइलवर (मॉनिटर रंग कसे दाखवतो त्याची नोंद असलेली फाइल). फोटोशॉप ते प्रोफाइल वाचून रंग बदलून दाखवतं, ब्राउझरमधलं साधं पांढरं पान तसंच राहतं. खात्री करायची तर व्ह्यूमध्ये प्रूफ सेटअप, त्यात मॉनिटर आरजीबी निवडा. पिवळेपणा गेला तर चोर सापडला. ही फक्त परीक्षा, तसंच ठेवून काम करू नका.

मग स्टार्टमध्ये 'कलर मॅनेजमेंट' टाइप करा, डिव्हाइसेसमध्ये तुमचा मॉनिटर निवडा, 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस'ला टिक, खाली अ‍ॅड करून 'एसआरजीबी आयईसी ६१९६६-२.१' हे नेहमीचं प्रमाण प्रोफाइल घ्या आणि डीफॉल्ट करा. दोन मॉनिटर असतील तर दोन्हींना. फोटोशॉप बंद करून परत उघडा. मॉनिटरचा ड्रायव्हर अपडेट होताना कधी कधी एखादं खराब प्रोफाइल सोबत घुसतं, तसंच झालं असणार. पुढं कधी कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र) मिळाला तर नीट प्रोफाइल बनवून घ्या, एसआरजीबी ही तात्पुरती मलमपट्टी आहे.

स्टुडिओवाला_बार्शी
ताई, निवांत, दोघांना दंडवत 🙏 टिक काढली तर चौकोन गायब. रोल बॅकचं बटण मंदच होतं, मग साइटवरून ड्रायव्हर क्लीन टाकला, टिक परत लावली, तासभर झूम करून सरकवून बघतोय, एकही चौकोन नाही. प्रोफाइलच्या यादीत मॉनिटरच्या नावाचं कायतरी होतंच, ते काढून एसआरजीबी लावलं, पांढरं पांढरं झालं. कार्डाचे पैसे वाचले, कॉम्प्युटरवाल्याला आता काय सांगायचं ते बघतो.

पण नवीन भानगड. पोरानं पिवळं बघून बऱ्याच शीटवर कलर बॅलन्स मारून ठेवलाय, त्या आता निळसर दिसतायत. त्यांचं काय करू?

एडिटिंगवाली_ताई
अ‍ॅडजस्टमेंट लेयर (फोटोवरचा वेगळा थर) म्हणून मारला असेल तर लेयरसमोरचा डोळा बंद करा, फोटो खाली जसाच्या तसा आहे. पण इमेज मेनूतून थेट फोटोवर मारून सेव्ह करून फाइल बंद केली असेल तर मागे जाता येणार नाही, ते फोटो रॉमधून (कॅमेऱ्याच्या मूळ फाइलींमधून) परत काढा. उलटा पिवळा मारून बरोबर करत बसू नका, त्वचेचा रंग मातकट होतो.

स्टुडिओवाला_बार्शी
बऱ्याच शीटवर लेयर आहे, रिसेप्शनच्या मात्र त्यानं फ्लॅटन करून (सगळे लेयर एकात मिसळून) टाकल्यात. रॉ हार्ड डिस्कवर आहेत. बसतो आज रात्री त्यालाच घेऊन.

पिक्सेल_मामा
रॅम किती आहे पण?