उत्तर: ब्लिट्झ की सबुरी?

अमेरिकन फुटबॉलमध्ये ब्लिट्झ म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर नेहमीपेक्षा जास्त बचावपटू सोडणं. "ब्लिट्झ न करणारा बचाव भित्रा" असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि २०२२ची ओहायो स्टेट-मिशिगन ही कॉलेज संघांची मॅच आठवली. मध्यंतराला ओहायो स्टेट २०-१७ पुढे होती. शेवटी हरली ४५-२३. मिशिगनच्या सहा टचडाऊनपैकी (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) पाच ६९, ७५, ४५, ७५ आणि ८५ यार्डांचे! पहिल्यात तर छोटासा पास, कॉर्नरबॅकचा (कडेच्या बचावपटूचा) टॅकल हुकला आणि मागे सावरायला कुणीच नाही. क्वार्टरबॅकवर माणसं सोडायची तर मैदानाची मागची बाजू उघडी पडणारच. तिथे एक चूक म्हणजे थेट सात गुण.

बचाव-प्रशिक्षक जिम नोल्सचा तो ओहायो स्टेटमधला पहिलाच हंगाम. पुढे त्यानेच सेफ्टी (शेवटच्या फळीचे बचावपटू) मागे ठेवायला सुरुवात केली, आणि २०२४मध्ये हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला.

आयोवाचा बचाव-प्रशिक्षक फिल पार्कर तर वर्षानुवर्षं झोनच खेळवतो, म्हणजे प्रत्येकाने मैदानाचा आपापला भाग राखायचा. यार्ड घ्या हो, गुण देणार नाही, असा खाक्या. (त्यांचं आक्रमण बघवत नाही, हे मान्य.)

पण एक आहे. बचावाची पुढची चौकडी स्वतःहून दबाव आणू शकत नसेल, तर सबुरीचा बचाव म्हणजे नुसतं हळूहळू मरणं. तिथे मीही ब्लिट्झच करेन.