मदत हवी आहे: रक्त पातळ करायचं इंजेक्शन रोज पोटात स्वतःच घेतेय, खूप दुखतं आणि काळंनिळं होतंय

गणिताच्या_बाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते इथे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ३३ वर्षांची, लातूरला असते, शाळेत गणित शिकवते. सध्या १४वा आठवडा चालू आहे. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा नवव्या-दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मग तपासण्या झाल्या त्यात एपीएलए पॉझिटिव्ह आलं, रक्तात गुठळ्या व्हायची प्रवृत्ती असते ते, म्हणून यावेळी ठोके दिसल्या दिसल्या डॉक्टरांनी इकोस्प्रिन ७५ ची गोळी आणि इनॉक्सापॅरिन ४० चं इंजेक्शन चालू केलं. रोज रात्री नऊला, पोटावर.

आतापर्यंत आमच्या बिल्डिंगमधल्या एक सिस्टर होत्या त्या द्यायच्या, त्या आता गावी गेल्या, आणि नवरा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार येतो. त्यामुळे गेले नऊ दिवस मीच घेतेय. आणि खरं सांगते, सिस्टर द्यायच्या तेव्हा मुंगी चावल्यासारखं वाटायचं, आता अर्धा तास आग आग होते, पोटावर एवढे मोठे काळेनिळे डाग पडलेत की आंघोळ करताना बघवत नाही, एक डाग तर खाजतोय पण. संध्याकाळी सहा वाजल्यापासूनच छातीत धडधडायला लागतं. परवा सुई टेकवून दहा मिनिटं नुसती बसून राहिले, हातच पुढे जाईना.

मी काय करते ते सगळं लिहिते म्हणजे चूक कुठे होतेय ते सांगता येईल. फ्रीजमधून काढते, स्पिरिटच्या कापसाने पुसते, सुई वर करून हवेचा बुडबुडा काढून टाकते (तो काढताना एक थेंब सुईवरून ओघळतो), मग कातडी चिमटीत धरून सुई घालते, चिमूट सोडते आणि पटकन दाबून मोकळी होते. नंतर चांगलं चोळते, गाठ राहू नये म्हणून.

घरात कुणापुढे बोलायची सोय नाही, सासूबाई प्रेमळ आहेत पण त्यांचं एकच, "बाळासाठी एवढं तर करावंच लागतं गं". करतेच आहे की. पण ३८ व्या आठवड्यापर्यंत धरलं तर अजून १६८, आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे म्हणालेत ते ४२, असे २१० हिशोबात दिसतात मला रोज. कुणी घेतलंय का हे? कमी दुखायला काय करता?

नुसतीच_वाचक

ताई, आधी एक घट्ट मिठी. मला हे नव्हतं पण बहिणीला होतं, तिला आता चार वर्षांची मुलगी आहे. ती इंजेक्शनआधी बर्फ लावायची एवढं आठवतंय. तिला विचारून सांगते.

गूळपोळी

खोबरेल तेल कोमट करून रोज चोळ डागांवर, आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेक घे. रक्त साकळलेलं मोकळं होतं. आमच्याकडे सगळ्यांना गुण आला आहे.

निवृत्त_सिस्टर

गूळपोळी, तेल गुडघ्याला चोळा हो, इथे नको. हे रक्त पातळ करायचं औषध आहे, टोचलेल्या जागी चोळलं आणि शेकलं की आतली बारीक रक्तवाहिनी अजून वाहते आणि डाग वाढतो.

बाई, तू सगळं व्यवस्थित लिहिलंस म्हणून बरं झालं. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं काढलीत मी, हजारो दिली असतील ही. आता एकेक ऐक.

बुडबुडा काढायचा नाही. आपल्याला सिनेमात बघून सवय लागलेली असते, सुई वर धरून टिचकी मारायची. पण या भरून आलेल्या सिरिंजमधला बुडबुडा मुद्दाम ठेवलेला असतो, सुई खाली धरलीस की तो वर दट्ट्यापाशी जातो आणि शेवटी औषधाला ढकलून पूर्ण डोस आत पोचवतो. तुझा डोस पूर्ण सिरिंजचा आहे, त्यामुळे काही काढायचं नाही नि घालायचं नाही. आणि तो जो थेंब ओघळतो ना, तुझी निम्मी आग तिथेच आहे असं माझं मत. सुईच्या बाहेरून लागलेलं औषध कातडीतून जाताना चुरचुरतं आणि डागही पडतो. टोकाला थेंब दिसलाच तर सुई खाली करून सिरिंजला हलकी टिचकी मार, पडून जाईल. पुसायचा मात्र नाही.

स्पिरिट लावलंस की वाळू दे. ओल्या स्पिरिटवर टोचलं की ते सुईबरोबर आत जातं आणि झोंबतं. फुंकर नको मारूस, आपोआप वाळतं अर्ध्या मिनिटात.

चिमूट सोडायची नाही! सुई पूर्ण आत, सरळ उभी, तिरकी नाही, आणि औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत कातडीची घडी अंगठा आणि बोटामधे तशीच धरायची. चिमूट म्हणजे चिमटा नव्हे हां, पुरीची कणीक उचलतो तेवढ्याच जोराने.

आणि घाई. सगळ्यात मोठी चूक ही. पटकन दाबून मोकळी होते म्हणालीस, पण ०.४ मिली औषध एका सेकंदात कोंबलं तर ते जाणार कुठे, आतून ताण बसतो. तीस सेकंद घे. हो, तीस. सुई जाताना काय दुखायचं ते दुखून गेलेलं असतं, नंतरचे तीस सेकंद हळूहळू दट्ट्या दाबण्यात काही दुखत नाही, उलट ठणका आणि डाग दोन्ही कमी होतात. सुई काढली की कोरडा कापूस नुसता टेकवून धर मिनिटभर. चोळणे बंद म्हणजे बंद.

तो खाजणारा डाग मात्र डॉक्टरांना दाखव, तिथे लाल चट्टा, जाडसर, पसरणारा असेल तर कधी कधी औषधाची अॅलर्जी असते, ते इथे विचारून ठरवायचं काम नाही.

गणिताच्या_बाई

सिस्टर, म्हणजे मी एक सोडून सगळ्याच चुका करत होते 🙈 पेपर तपासल्यावर मुलांचे चेहरे होतात तसा माझा झालाय. उद्याच डॉक्टरांकडे जाते डाग दाखवायला.

अंबाजोगाईकर

आमच्या हिला मी द्यायचो सात महिने. पहिल्या दिवशी माझाच हात एवढा लटपटत होता की ती म्हणाली द्या इकडं, मीच घेते. नंतर जमलं. एक गोष्ट सांगतो जी कुणी सांगितली नव्हती, झोपून किंवा मागं रेलून घ्यायचं, उभं राहून नाही. उभं राहिलं की पोट आपोआप आवळतं. आणि जागा बदलत राहायच्या. आम्ही कॅलेंडरवर लिहायचो, डा उ डा उ असं, आज डावीकडं उद्या उजवीकडं, बेंबीपासून चार बोटं लांब, जुन्या डागावर किंवा व्रणावर कधीच नाही. आमच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचा हिशोब पण तिथंच असायचा त्यामुळं एकदा उ म्हणजे उधारी समजून मी पैसे देऊन आलो 😄

मेडिकलवाला_कोल्हापूर

ताई फ्रीजचं कुणी सांगितलं तुम्हाला? इन्सुलिनसारखं समजून बरेच जण ठेवतात. तुमच्या पेटीवर काय छापलंय ते वाचा, या औषधावर साधारण २५ अंशाच्या खाली ठेवा आणि गोठवू नका असं असतंय. गारेगार औषध कातडीखाली गेलं की चावतंय, ते साहजिकच की. आता लातूरचा उन्हाळा मला माहिताय, २५ अंश कुठून आणणार, तर एकदम महिन्याचा साठा घेऊ नका, आठ-दहा दिवसांचं आणा, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत कपाटात ठेवा. तुमच्या दुकानदारानं किंवा डॉक्टरनं फ्रीजमधेच ठेवा म्हणून सांगितलं असलं तर घ्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. गरम पाण्यात बुडवू नका. आणि फ्रीजरला लागून गोठलेलं असलं तर ती सिरिंज वापरायची नाही.

अजून एक, दुखतंय म्हणून ब्रूफेन, डायक्लो असलं काही मनानं घेऊ नका. रक्त पातळ करायच्या औषधाबरोबर ते चालत नाही आणि गरोदरपणात तर नाहीच.

चौकस

हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून करतात हे माहीत आहे ना? शाकाहारी लोकांना सांगतच नाहीत.

गणिताच्या_बाई

@चौकस, माहीत आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून विचारलं होतं आणि मी हो म्हटलं. आता यावर इथे चर्चा नको, प्लीज.

नुसतीच_वाचक

बहिणीला विचारलं. ती म्हणते बर्फ थेट नाही लावायचा, पातळ रुमालात गुंडाळून दोन-तीन मिनिटं, जागा जरा बधिर झाली की मग स्पिरिट आणि मग सुई. सुई काढल्यावर पण वाटलं तर परत रुमालातला बर्फ नुसता टेकवायचा. आणि ती सुई घालताना जोरात श्वास सोडायची, फुगा फुगवतो तसा. ते म्हणे सगळ्यात कामाचं.

तिने एक विचारलंय, तुला पोटावर घ्यायची भीती वाटते का, बाळाला लागेल अशी? कारण तिला ती भीती होती आणि त्यामुळे ती अंग चोरायची, मग जास्त दुखायचं.

गणिताच्या_बाई

अगं हो!! हे मी लिहिलंच नव्हतं, लाज वाटली. गणिताची बाई असून असं कसं वाटतं म्हणतील. पण दरवेळी वाटतं की सुई आत बाळापर्यंत गेली तर.

निवृत्त_सिस्टर

लाज कसली त्यात, निम्म्या जणींना वाटतं. सुई आहे जेमतेम सव्वा सेंटिमीटर. ती कातडीच्या घडीतल्या चरबीत जाते, आणि घडी तू वर उचललेली असतेस. तिच्याखाली पोटाचे स्नायू, त्याखाली बरंच काही, मग गर्भाशयाची जाड भिंत, मग पाणी, आणि त्यात तुझं बाळ निवांत. औषधसुद्धा वारेतून बाळाकडे जात नाही, म्हणून तर गरोदरपणात हेच देतात. पुढे सातव्या-आठव्या महिन्यात पोट ताणलं की समोर चिमूट येत नाही, तेव्हा कडेला, कमरेच्या बाजूला सरकायचं, नाहीतर मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ते डॉक्टरांना विचारून.

आणि तुला तीस सेकंद मोजायचे आहेत ना, तर आकडे मोजू नकोस. आकडे मोजताना माणूस घाई करतं, एकदोनतीनचारपाच, झाले तीस. माझ्या पेशंट बायकांना मी पाढा म्हणायला लावायचे, आणि तोही सोपा नाही, एकोणतीसचा. डोकं त्यात अडकलं की हात आपोआप हळू चालतो.

दूरदेशी

मी ऑकलंडला असते, इथे मला हेच इंजेक्शन सिझेरियननंतर होतं. नर्सने आधी तिच्यासमोर मलाच घ्यायला लावलं, तिने फक्त बघितलं. गणिताच्या बाई, तुम्हीपण उद्या डॉक्टरांकडे जाताय तर एक सिरिंज घेऊन जा आणि तिथल्या सिस्टरसमोर घ्या. वाचून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट एका वेळी बघून दुरुस्त होतं.

सुया कुठे टाकता? आमच्याकडे पिवळा डबा देतात.

गणिताच्या_बाई

टोपण लावून कचऱ्यातच... हे पण चूक का 😐

अंबाजोगाईकर

टोपण परत लावूच नका, बहुतेक वेळा तेव्हाच बोटात जाते. फिनाईलची नाहीतर तेलाची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, सिरिंज जाईल एवढ्या तोंडाची, त्यात टाकत जा, भरत आली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा आणि तपासणीला जाल तेव्हा दवाखान्यात द्या, त्यांच्याकडे सुयांचा वेगळा कचरा जातो. घंटागाडीवरच्या मावशी हाताने कचरा वेगळा करतात हो.

गणिताच्या_बाई

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. पाच दिवस झाले.

डॉक्टरांना डाग दाखवले. अॅलर्जी नाही म्हणाल्या, चोळून चोळून कातडी कोरडी पडली होती म्हणून खाज. प्लेटलेट बघायला सीबीसी केली, ती ठीक आली. कधी ताबडतोब यायचं ते पण कागदावर लिहून घेतलं, अंगावरून रक्त गेलं, नाकातून-हिरड्यातून रक्त येऊन थांबेना, शी काळी झाली, टोचलेल्या जागी टणक गाठ वाढत गेली, किंवा पडले-आपटले तर. पुढे कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या तर पुढचं इंजेक्शन न घेता आधी फोन करायचा. आणि एखाद दिवस राहिलंच तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायचं नाही, फोन करून विचारायचं. (हे मी विचारलं कारण परवाच्या त्या दहा मिनिटांत मनात आलं होतं की आज राहू दे. घेतलं शेवटी.)

तिथल्या सिस्टरसमोर घेतलं. त्यांनी एकच दुरुस्ती केली, मी सुई फार हळू टोचत होते. सुई घालताना एका झटक्यात आणि औषध सोडताना हळू, मी बरोबर उलटं करत होते इतके दिवस.

आता दुखतं का, तर दुखतं, पण मुंगीइतकं. आग बंद झाली. नवे डाग बारीक आहेत, कधी कधी नाहीतच. जुने पिवळे पडत चाललेत. सहा वाजताची धडधड अजून आहे थोडी, पण सासूबाईंना पोटावरचे डाग दाखवले एकदा, काही बोलल्या नाहीत, आता रोज पावणेनऊला रुमालात बर्फ गुंडाळून आणून ठेवतात.

आणि सिस्टर, तुमचा पाढा. नवरा व्हिडिओ कॉलवर असतो, मी म्हणते, तो ऐकतो. एकोणतीस सक्कं पर्यंत गाडी नीट जाते. काल साते दोनशे तेरा म्हटलं तर तिकडून ओरडला, दोनशे तीन, दोनशे तीन, अगं गणिताची बाई ना तू! मी त्याच्याशी भांडायला लागले आणि बघते तर दट्ट्या खाली टेकला होता.

२०५ राहिली.