वायरचं ग्राइंडर विकून बॅटरीवालं घ्यावं का? माझं मत : घ्यावंच

वसमतचा फॅब्रिकेटर
शेड, गेट, कंपाउंडची कामं करतो. निम्मी कामं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्या-घरावर. मागच्या आठवड्यात सामान उतरवलं अन् अकरालाच लाईट गेली. दोन पोरं चार वाजेपर्यंत लिंबाखाली बसून. हजेरी मात्र पूर्ण द्यावी लागली. वर्षापूर्वी बॅटरीचं स्क्रू मारायचं मशीन घेतलंय, तेवढंच त्या दिवशी चाललं. आता ग्राइंडर अन् ड्रिलही बॅटरीचंच घेणार. वायरवर धंदा म्हणजे डीपीच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या) मर्जीवर धंदा.

नांदेडचा मिस्त्री
भाऊ, हिशोब करा की. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॅट-अवर. चार इंची वायरचं ग्राइंडर ८५० वॅटचं. तेवढा जोर काढायचा म्हटलं तर सहा मिनिटांत बॅटरी झोपली. अँगल कापताय का मोबाईल चार्ज करताय?

वसमतचा फॅब्रिकेटर
सलग सहा मिनिटं कोण दाबून धरतं? कापायचं, थांबायचं, माप घ्यायचं. तीन बॅटऱ्यांत दिवस निघतो.

नांदेडचा मिस्त्री
तीन बॅटऱ्यांच्या पैशात वायरची दोन ग्राइंडरं येतात. वर मोटरचा कार्बन ब्रश झिजला तर किरकोळ पैशात बदलून मिळतो. बॅटरीतला एक सेल गेला तर अख्खी फेकायची. अन् एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही, म्हणजे जन्माची सोयरीक.

परभणीकर
उन्हाचं कुणीच बोलेना. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२-४३ वर. पत्र्यावर ठेवलेली बॅटरी चार्जरला लावली की नुसता लाल दिवा. लिथियमची बॅटरी ४०-४५ अंशांपुढं तापलेली असली तर बहुतेक चार्जर घेतच नाहीत. सावलीत गार होऊ द्यायची, मग लावायची. ओल्या फडक्यात गुंडाळणारेही पाहिलेत, ते करू नका.

आयटीआयवाला, लातूर
वायरवाल्यांना एक विचारतो. आखाड्यावर १ एमएमची (चौरस मिमी) ५० मीटर वायर ओढता ना? जाऊन-येऊन १०० मीटर तांबं, रेझिस्टन्स साधारण १.८ ओहम. चौदा इंची कटर नऊ-दहा अँपिअर ओढतो, म्हणजे १६ ते १८ व्होल्ट वायरीतच जिरले. मुळात गावात २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असतील तर कटरच्या तोंडाशी काय उरलं? चाक अडकतं, आपण अजून दाबतो, मोटरचं आर्मेचर (आतलं फिरणारं वायंडिंग) जळतं, शिव्या कंपनीला. वायरच घ्यायची तर अडीच एमएमची घ्या.
आणि पत्र्यावर चढून वायरचं मशीन चालवू नका. पत्र्याच्या धारेनं वायर सोलली की अख्ख्या छतात करंट.

नांदेडचा मिस्त्री
ते पत्र्याचं मान्य. पण भाऊ, तुम्ही फॅब्रिकेटर. वेल्डिंग कशावर करता, टॉर्चच्या सेलवर? त्याला लाईट नाहीतर जनरेटर लागणारच, मग ग्राइंडरनं काय घोडं मारलं?

वसमतचा फॅब्रिकेटर
फ्रेम दुकानातच वेल्ड करून नेतो, मामा. आखाड्यावर नट-बोल्ट, पत्रा अन् थोडी छाटाछाट. जनरेटरचं भाडं अन् डिझेल घालून पाहिलंय, छोट्या कामात काहीच उरत नाही.

आयटीआयवाला, लातूर
दोन्हींवर चालणारीही येतात. हिकोकी कंपनीच्या ३६ व्होल्टच्या मल्टी व्होल्ट मशीनला बॅटरीच्या जागी बसणारा अडॅप्टर मिळतो, त्याची वायर सरळ बोर्डात. लाईट असली की वायर, गेली की बॅटरी.

परभणीकर
आमच्या दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "असलं कुठं असतंय?" उद्या बिघडलं तर त्याच्याकडंच न्यायचंय ना?

नांदेडचा मिस्त्री
अजून एक, डब्यावर २० व्होल्ट वाचून जास्त पैसे देऊ नका. पाच सेलची बॅटरी फुल असताना २१ दाखवते, कामाला लागली की १८. कुणी १८ छापतं, कुणी २०. माल तोच.

वसमतचा फॅब्रिकेटर
ड्रिल बॅटरीचं नक्की. ग्राइंडर बॅटरीचं घेतो, पण मामा, जुनं विकत नाही, दुकानात राहू द्या. चौदा इंची कटरची अडीच एमएमची वायर मात्र उद्याच आणतो, परवाच आर्मेचर भरून आणलंय.